उलटे आटे

चिंचवडच्या आमच्या सोसायटीत निवृत्त टर्नर तीन. दोघं सकाळी पायी फिरायला जातात. तिसरे आमचे काका. त्यांना सायकलवरून फिरायचं होतं, नातीला बरोबर घेऊन. म्हणून आधी नातीची सायकल करायला घेतली.

'करायला' म्हणजे खरोखरच करायला. पिंपरी-भोसरीत उभा जन्म लेथवर काढलेल्या माणसाला विकतची वस्तू म्हणजे कुणीतरी पाळी संपता संपता उरकलेला जॉब वाटते. दुकानातली सायकल त्यांनी पाहिली नाही असं नाही. नळी टिचकीने वाजवली, जोडावरून नख फिरवलं आणि दुकानदाराला विचारलं, "रिजेक्शनचा माल पुढे का मांडलाय?"

मग दर रविवारी जुना बाजार. नळ्या आल्या, चिमटा आला, एक गंजलेला हब आला, त्याला रॉकेलात आंघोळ घातली. बाल्कनीत व्हाइस बसला आणि तुळस जिन्यात गेली. बॉटमची नळी (पायडलचा आस फिरतो ती) काकांनी मित्राच्या लेथवर स्वतः काढली : रुंदी 68 मिलिमीटर, इंचाला 24 आटे. घरात पाळ्या लागल्या. आयटीतला मुलगा नळी धरायला, लॅपटॉप मांडीवर, मीटिंग कानात आणि समोरून "हलू नकोस!" टाकणखार आणि पितळी कांडी हातात द्यायला काकू. छर्रे मोजायला नात. दर मोजणीत एक फ्रिजखाली. आणि व्हर्निअर वाचायला सून, कारण काकांना आता चष्म्यातूनही रेघा दिसत नाहीत. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

हँडलचे कप सरळ बसेनात. हातोडा मारणं काकांच्या धर्मात बसत नाही. कप दाबून बसवायचा. दाबायला स्क्रू हवा. स्वयंपाकघरातला पितळी सोऱ्या दिसला. एक कप बसला, दुसऱ्याला सोऱ्याचा दांडा वाकला. पुढे आठवडाभर काका चहा स्वतः करून घेत होते.

"अगं, राइट बंधूंचंही सायकलचंच दुकान होतं," ते समजावू लागले. "तिथूनच विमान निघालं."

"दोघांनीही लग्न केलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

मला वाटतं, काकांना सायकलपेक्षा ही माणसं हवी होती. हाताखाली चौघं, वर ओरडायचा अधिकार आणि सहाला भोंगा. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं, हे मिळत नाही.

बॉटमचा उजवा कप उलट्या आट्यांचा का, यावर एका रात्री त्यांनी जेवताना तासभर व्याख्यान दिलं. पायडल मारताना कप हळूहळू सुटायला बघतो, म्हणून उजवीकडे डावे आटे. वाटी-चमचा घेऊन प्रात्यक्षिक झालं. आमटी सांडली. सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी कप लावायला गेले, तर नळीला दोन्ही बाजूंनी सरळ आटे! घर चिडीचूप. सुनेने लाल चिठ्ठीवर 'रिजेक्ट' लिहून ती दोऱ्याने नळीला बांधली आणि शांतपणे ऑफिसला गेली. काकांनी चिठ्ठी काढली नाही. नियम म्हणजे नियम. नवी नळी काढली.

सीटची नळी मात्र दोनदा बदलावी लागली, कारण एवढ्या काळात नात वाढायची थांबली नव्हती.

खंडेनवमीला सायकलला झेंडूचा हार पडला. चालते छान. किंचित डावीकडे ओढते. काका म्हणतात, रस्ताच तसा आहे. पहिल्या फेरीची जबाबदारी काकूंनी ठरवून दिली : "बाजारात जा आणि नवा सोऱ्या घेऊन या."

नातीची सायकल घेऊन काका गेले. दोन तासांनी रिकाम्या हाताने परतले. दुकानातले सहाच्या सहा सोऱ्ये उघडून आटे तपासले होते म्हणे.

रविवारी जुन्या बाजारात पितळी रॉड बघायला जाणार आहेत. दिवाळी अकरा दिवसांवर आली आहे.