ऑक्टाव्हियाचा जीर्णोद्धार

जुन्या वेगवान मोटारीविषयी बोलताना इंजिनाची अश्वशक्ती प्रथम सांगण्याचा प्रघात असला, तरी वीस वर्षे उलटल्यावर अशा मोटारीत बऱ्यापैकी शाबूत राहिलेला भाग बहुधा इंजिनच असतो. झिजलेले असते ते तिला रस्त्याशी बांधून ठेवणारे रबर आणि नासलेले असते ते तिला थांबवणारे तेल. प्रस्तुत संवाद ज्या मोटारीभोवती घडतो ती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २००४ साली भारतात विक्रीस आली. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक असा तिचा थाट होता, आणि ऑक्टाव्हियाच्या जुळणीचा कारखाना तेव्हाच्या औरंगाबादेजवळ शेंद्र्याला होता. आरएस ही अक्षरे ‘रॅली स्पोर्ट’ची होत, ही माहिती तिचे मालक न विचारता पुरवतात. संवादाचे स्थळ पुण्यातील एक गॅरेज असून तेथील मूळ शब्दसंपदा छापण्याजोगी नसल्यामुळे तिचे येथे ग्रांथिक रूपांतर करणे भाग पडले आहे.

मालक : मेस्त्री, ही गाडी २००४ साली शोरूममधून बाहेर पडताना जशी धावत होती, अगदी तशीच पुन्हा धावली पाहिजे, तसूभर कमी नको आणि तसूभर जास्त नको.

मेस्त्री : साहेब, ती तेव्हा कशी धावत होती हे सांगू शकेल असा मनुष्य आधी शोधावा लागेल, कारण आरसी बुकावरून आपण तिचे तिसरे मालक दिसता आणि गाडी हाती येऊन आपल्याला चारच वर्षे झाली आहेत.

मालक : अशा गोष्टी मनुष्याला आतून कळतात.

मेस्त्री : आतून जे कळते आहे तो पुढच्या डाव्या चाकाचा खडखडाट आहे.

या ठिकाणी सस्पेन्शन या संज्ञेचा खुलासा आवश्यक ठरतो. चाक आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या, पण चाकाला वरखाली होण्याची मोकळीक देणाऱ्या सर्व भागांना मिळून सस्पेन्शन म्हणतात. ऑक्टाव्हियात पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र उभा खांब असतो, आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा व पीळ सहन करणारा आडवा तुळईवजा बीम असतो. ‘शॉकअप’ हे नाव मात्र मुळातच फसवे आहे, कारण खड्ड्याचा धक्का स्प्रिंग सोसते आणि धक्का सोसल्यावर झोपाळ्यासारखी हेलकावत राहणाऱ्या त्या स्प्रिंगला आवरण्याचे काम शॉकअप करतो. आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाऊन त्या हेलकाव्यांची उष्णता होते. मेस्त्रीने मोटारीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला, तेव्हा एकदा वर येऊन स्थिरावण्याऐवजी तो तीनदा मान डोलवून मग थांबला.

मालक : म्हणजे शॉकअप गेले. चारही बदलू, स्प्रिंगा ४० मिलिमीटरने खाली आणू आणि ब्रेकचे कॅलिपर लाल रंगवू.

मेस्त्री : ४० मिलिमीटर खाली आणायला हरकत नाही, मात्र आपल्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक त्याच मापाने खाली आणण्याचा ठराव आधी वार्षिक सभेत मंजूर करून घ्यावा.

मालक : बरे, स्प्रिंगा मूळच्याच राहू द्या. पण कॅलिपर लाल हवेत.

मेस्त्री : लाल रंगाने गाडी थांबते ती फक्त सिग्नलला. शॉकअप जोडीने बदलावे लागतील, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला बसवला तर गाडी वळणावर सासर-माहेर असा भेद करू लागते. पण खडखड शॉकअपची नाही. ती लोअर आर्मच्या मागच्या बुशची आहे.

बुश म्हणजे लोखंडी नळीत बसवलेला रबरी ठोकळा, ज्यातून आर्मचा, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा, बोल्ट जातो. रबर नळीला चिकटवलेले असल्यामुळे आर्म हलताना ते घसरत नाही, पिळले जाते आणि पिळातूनच परत येते. त्यामुळे चाकाला लवचिकपणा मिळतो आणि तरीही ते मनाला येईल तिकडे वळत नाही. स्टीअरिंग हातात बोलके वाटणे या ज्या गुणासाठी वेगवान मोटारींचे भक्त एवढी किंमत मोजतात, त्या गुणाचा मोठा वाटा या ठोकळ्यांत साठवलेला असतो, आणि एकाही मालकाने आजवर बुशचे छायाचित्र मित्रांना पाठवल्याचे ऐकिवात नाही. वीस वर्षांत उष्णता, तेल आणि रस्ते मिळून रबराला तडे पाडतात. मग ब्रेक दाबताच आर्म मागे सरकतो, चाकाचा कोन बदलतो आणि गाडी एका बाजूला ओढते, ज्याचे खापर नेहमी टायरवर फुटते.

सुट्या भागांसाठी दोघे नाना पेठेत गेले.

दुकानदार : बुश तीन प्रकारचे आहेत : ओरिजिनल, ओरिजिनलसारखा आणि ओरिजिनलच्या डब्यातला.

मालक : तिसऱ्या प्रकारात डबा तरी ओरिजिनल असतो ना?

दुकानदार : डब्याची हमी दुकान देते, आतल्या मालाविषयी डब्याला विचारावे.

मालक : पॉलियुरेथेनचे मिळतील का? रबरापेक्षा कडक असतात आणि टिकतात, असे सर्व जाणकार म्हणतात.

मेस्त्री : टिकतात हे खरे आहे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खडीची ओळख आपल्या पाठीच्या कण्याला करून देतात हेही खरे आहे. २००४ साली गाडीत रबर होते. आपला आग्रह २००४ चा आहे, की जाणकारांचा?

मालकांनी रबर घेतले, परंतु घेताना त्यांचा चेहरा देवळात जाऊन नारळाऐवजी बत्तासे अर्पण करणाऱ्यासारखा झाला होता.

बुश बसवण्याच्या वेळी शेजारी या वर्गातील एक निवृत्त गृहस्थ उपस्थित झाले. मोटार घोडीवर, म्हणजे उंचावर धरून ठेवणाऱ्या लोखंडी आधारावर, चढवलेली होती आणि चाके लोंबकळत होती.

शेजारी : बोल्ट आत्ताच घट्ट आवळून टाका, गाडी खाली उतरवल्यावर हात पोहोचणार नाही.

मेस्त्री : काका, हात पोहोचत नाही म्हणूनच बहुतेक गॅरेजांत तो आत्ता आवळतात, आणि म्हणूनच सहा महिन्यांनी तोच ग्राहक परत येतो. चाक लोंबकळत असताना आवळले, तर रबर त्या स्थितीला आपली नैसर्गिक बैठक मानते. गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहते आणि फाटते. वजन चाकांवर आल्यावर, गाडी रस्त्यावर उभी राहते त्याच उंचीला बोल्ट आवळायचा असतो.

शेजारी : आमच्या वेळी फियाटला असे काही लागत नव्हते.

मेस्त्री : लागत होते, काका. पण फियाटचे आवाजच इतके होते, की त्यांत बुशची तक्रार कोणाच्या कानावर पडली नाही.

ब्रेकचा विषय निघताच संवादाचा सूर बदलला. १९०२ साली लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, आणि १९५३ च्या ल मां शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकल्यावर त्याचे महत्त्व साऱ्या मोटारजगाला पटले. तरी ब्रेक नेमके काय करतो, हे फार थोडे चालक सांगू शकतात. ब्रेक गती नष्ट करत नाही. तो तिची उष्णता करतो. १,३०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, जिच्यात दीड लिटर पाण्याला उकळी येईल.

मालक : म्हणजे एकदा थांबलो की दहा-बारा कप चहा!

मेस्त्री : आणि वेग निम्मा केला तर चहा निम्मा होत नाही, पाव होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. खंबाटकी घाट उतरताना जो सारखा ब्रेकवर पाय ठेवून बसतो, तो सबंध वऱ्हाडाचा चहा एकट्या गाडीत करतो, आणि त्यात पहिले उकळते ते ब्रेक ऑइल.

मालक : ते तर पातळी पाहून भरतो आपण.

मेस्त्री : पातळी बरोबर आहे, तेल बरोबर नाही. हे तेल हवेतले पाणी शोषते. नवे डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सियसला उकळते. पावणेचार टक्के पाणी मुरले, की तीच मर्यादा १५५ वर येते. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. उकळून वाफ झाली की वाफ दाबली जाते, पेडल जमिनीला टेकते आणि गाडी आपल्या विचाराने चालू लागते. दर दोन वर्षांनी तेल बदलायचे असते. या गाडीतले शेवटचे कधी बदलले?

मालक : आधीच्या मालकाने बदलले असेल.

मेस्त्री : आधीच्या मालकाचेही हेच उत्तर असणार.

बाटलीत काढलेले तेल काळ्या चहाच्या रंगाचे निघाले. त्यानंतर शेजाऱ्यांनी डिस्क लेथवर घासून घेण्याची काटकसर सुचवली. परंतु किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते आणि मोजमापात डिस्क त्या आकड्याच्याही खाली गेलेली आढळल्याने तो प्रस्ताव बारगळला. मालकांनी मग शर्यतीचे पॅड मागितले, ज्यांवर मेस्त्रीने एवढाच अभिप्राय दिला, की ते तापल्यावर चावतात आणि कोथरूडहून डेक्कनला जाताना ते तापण्याच्या आत ऑफिस येते. मागच्या कॅलिपरजवळ मात्र खरा बिकट प्रसंग उद्भवला, कारण शेजाऱ्यांनी मदतीच्या भावनेने क्लॅम्प लावून पिस्टन आत दाबण्यास प्रारंभ केला होता.

मेस्त्री : काका, हात काढा! पुढचा पिस्टन सरळ आत जातो. मागच्याच्या पोटात हँडब्रेकचा स्क्रू आहे, त्याला दाबत दाबत फिरवावे लागते, नाहीतर आतली यंत्रणा तुटते.

शेजारी : हे बाहेरून कळावे तरी कसे?

मेस्त्री : बाहेरून कळत नाही, म्हणूनच पुस्तक आहे.

ते पुस्तक, म्हणजे निर्मात्याची दुरुस्ती-पुस्तिका, ग्रीसने माखलेल्या अवस्थेत बाकावर होते. २००४ ची मोटार कशी धावत होती याची खरी साक्ष त्याच्याकडे होती : प्रत्येक बोल्ट किती आवळावा, डिस्क किती जाड असावी आणि चाकांचा टो, म्हणजे चालताना पावले आत किंवा बाहेर वळावीत तसा पुढच्या चाकांचा कल, किती असावा. अलाइनमेंटच्या यंत्राने सर्व आकडे हिरवे दाखवले. मालकांनी गॅरेजच्या गल्लीत एक फेरी मारली.

मालक : मेस्त्री, काहीतरी हरवल्यासारखे वाटते आहे.

मेस्त्री : खडखड हरवली आहे, साहेब. चार वर्षे तिलाच आपण स्पोर्टी म्हणत होता.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवण्यासाठी ताशी ६० वरून १० पर्यंत दहा वेळा वेग उतरवावा, मधे पूर्ण थांबू नये, आणि प्रत्येक वेळी थोडी उसंत द्यावी, अशी मेस्त्रीची आज्ञा होती. पुण्यात असा मोकळा रस्ता पहाटे साडेचारलाच सापडत असल्यामुळे मालक त्या वेळी निघाले आणि सातव्या ब्रेकनंतर हवालदाराने त्यांना कडेला घेतले.

हवालदार : समोर माणूस नाही, कुत्रे नाही, सिग्नल नाही, मग सारखा ब्रेक कशासाठी मारता?

मालक : समोर कोणी आल्यावर लागावा म्हणून.

हवालदार : आणि हा जळका वास?

मालक : नवे पॅड तापले, की त्यांतली रेझिन वास सोडते. अजून तीन वेळा बाकी आहेत.

हवालदाराने कागदपत्रे पाहिली, पुढच्या चाकाशी वाकून पाहिले, बराच वेळ विचार केला आणि काठीने आपल्या मोटारसायकलकडे निर्देश केला.

हवालदार : तीन होऊ द्या. पण हिचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे कोणाला विचारायचे?

मालक : आधी ही कोणाकडे होती?

हवालदार : बदली होऊन गेलेल्याकडे.