राहिलेल्या पंचवीस गाड्या

जॅग्वार कंपनीने १९५५ साली शर्यतीच्या शंभर डी-टाइप गाड्या बांधायचं ठरवलं होतं. पंचाहत्तर झाल्या, पंचवीस राहिल्या. २०१८ साली कंपनीला त्या अचानक आठवल्या आणि चहा प्यायला उठलेला कारागीर परत जागेवर बसावा अशा थाटात उरलेलं काम सुरू झालं. नगरकरांनी यात नवल मानू नये. अकोले तालुक्यातल्या निळवंडे धरणाला १९७० साली मंजुरी मिळाली आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झालं. फरक एवढाच, की उशिरा का होईना, कालव्याचं पाणी शेतात जातं. नवी डी-टाइप मात्र रस्त्यावर काढायला परवानगी नाही. आपल्याकडे रखडलेल्या कामाबद्दल विधानसभेत प्रश्न विचारतात, तिकडे त्याच रखडण्याचे जादा पैसे लावतात.

शर्यतीच्या गाडीची किंमत पत्र्यात नसते, तिने जे भोगलं त्यात असते. डी-टाइपने १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, म्हणून तिचं नाव. फेब्रुवारी १९५७ मध्ये कारखान्याला आग लागून नऊ एक्सकेएसएस, म्हणजे डी-टाइपच्याच रस्त्यावर चालवायच्या बहिणी, जळाल्या. २०१६ साली कंपनीने त्या नऊच्या नऊ 'परत' आणायचं जाहीर केलं, प्रत्येकी दहा लाख पौंडांच्या वर. म्हणजे आगीचाही भाव वसूल झाला! नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी उभी आहे. तिचा पत्रा उद्या कोणीही हुबेहूब ठोकून देईल, पण तिचं वय कोण ठोकून देणार?

यावर भक्तमंडळी म्हणतात, कंपनी तीच, नकाशे तेच, मग गाडी अस्सलच. कंपनी तीच कशी? २००८ पासून मालक टाटा आहेत. बरं, अस्सलपणाची एवढी चाड असलेल्या याच कंपनीने डी-टाइपच्या आधीच्या सी-टाइपची प्रतिकृती करणाऱ्या स्वीडनमधल्या एका वयस्कर जोडप्याला कोर्टात खेचलं आणि स्वतः मात्र नव्या सी-टाइप बांधायला घेतल्या. थोडक्यात, नक्कल कोणीही करावी, सही-शिक्का तलाठ्याचाच हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मूळ गाड्या इतक्या मोलाच्या झाल्यात की त्या शर्यतीत घालून कोणी ठोकणार नाही, नव्या असल्या तर निदान पळतील तरी. हे मान्य. पळवाव्यात, जरूर पळवाव्यात, फक्त जन्मसाल खरं सांगावं. या बाबतीत आपले सरकारी बाबू विलायतेपेक्षा शहाणे निघाले. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' ठरायला पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात. गाडीचा चेहरा किती जुनाट आहे हे कोणी बघत नाही. तेव्हा २०१८ च्या डी-टाइपने २०६८ साली नगरच्या आरटीओत अर्ज जरूर करावा, सोबत पहिल्या नोंदणीचा दाखला जोडून. तो तिच्याकडे नसणार. रस्त्यावर यायचंच नव्हतं, तर नोंदणी कुठून होणार?