शिट्टीधारी : पेण-रोहा पट्ट्यातील पी.टी.च्या सरांविषयी

माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणारा शिक्षक, ज्याचे कागदोपत्री पदनाम काहीही असले तरी विद्यार्थी, पालक, शिपाई आणि प्रसंगी मुख्याध्यापकही ज्याला ‘पी.टी.चे सर’ एवढेच म्हणतात, तो महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. परंतु त्याचे सर्वांत ठसठशीत रूप पाहावयाचे असेल, तर मुंबई-गोवा महामार्गाने पेण सोडावे, नागोठणे मागे टाकावे आणि कोलाड येण्यापूर्वी रोहा तालुक्यातील खांबच्या आसपास थांबावे. रायगड जिल्ह्यात कबड्डी हा खेळ गावकीचा विषय मानला जात असल्याने या पट्ट्यातील सर हे प्रथम कबड्डीपटू, नंतर माजी कबड्डीपटू आणि उरलेल्या वेळात शिक्षक असतात. येथे वर्णिलेले सर म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. ते अनेक सरांच्या गुणांची बेरीज आणि त्यांच्या ट्रॅकसूटांची सरासरी आहेत. त्यांच्या सेवाकाळाचे सूत्र थोडक्यात असे मांडता येते, की शाळेत त्यांच्यावाचून कोणतीही गोष्ट होत नाही आणि जी एकमेव गोष्ट होत नाही, ती म्हणजे त्यांचा तास.

सरांची घडण समजण्यासाठी या भागाचे शेतीचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे लागते. दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी उरकली, की बऱ्याच शेतांत जमिनीच्या ओलीवर वाल पेरला जातो आणि ज्या तुकड्यात तो पेरला जात नाही, तेथे माती चाळून, पाणी शिंपडून व रोलर फिरवून कबड्डीचे मैदान तयार होते. पुरुषांसाठी हे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते आणि प्रत्येक संघाचे सात खेळाडू त्यात उतरतात. चढाई करणारा, म्हणजे ‘कबड्डी कबड्डी’ असा दम घेत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरणारा खेळाडू, ३० सेकंदांच्या आत गडी बाद करून परतावा अशी अपेक्षा असते आणि तो परतू नये यासाठी दोन्ही टोकांना जे दोघे उभे असतात, त्यांना कोपरारक्षक म्हणतात. सर आपल्या काळात डावे कोपरारक्षक होते. या पट्ट्यातील जवळजवळ सर्वच सर डावे कोपरारक्षक कसे काय होते आणि तेव्हा उजव्या कोपऱ्यात कोण उभे राहत असे, हा प्रश्न अद्याप संशोधनाची वाट पाहत आहे.

सर्वसाधारण खेळाडूची कारकीर्द खेळ थांबला की संपते, सरांची मात्र खेळ थांबल्यावर वाढीस लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते ‘तालुक्याला खेळलेले’ असतात. दहा वर्षांनी तेच सामने ‘जिल्ह्याचे’ होतात. आणि सेवेची पंचवीस वर्षे भरेपर्यंत राज्य संघातील निवड केवळ एका पंचाच्या आंधळेपणामुळे हुकली, हे शिक्षककक्षात सर्वमान्य झालेले असते. ‘घोटा माझ्या हातात होता,’ हे वाक्य सर दरवर्षी किमान एका नव्या शिक्षकाला ऐकवतात आणि ते ऐकवताना समोरच्याचा घोटा प्रत्यक्ष धरून दाखवतात. त्यामुळे नवीन रुजू झालेले मराठीचे शिक्षक पहिले काही महिने त्यांच्यापासून दोन हात अंतर राखून बसतात. कारकिर्दीचा दुसरा पुरावा म्हणजे उजवा गुडघा. त्यातील अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, कोण्या एका जत्रेच्या सामन्यात दुखावला होता, असे सांगतात. हा गुडघा जिना चढून मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जाताना हमखास दुखतो, परंतु मुलांना पकड शिकवताना तो दुखल्याची नोंद कोठेही सापडत नाही.

सरांनी पदविका कोठून घेतली यास त्यांच्या लेखी फारसे महत्त्व नसते, तथापि जुन्या पिढीतील सरांपैकी जे १९३८ मध्ये स्थापन झालेल्या कांदिवलीच्या शासकीय संस्थेत शिकले, ते तेथील पहाटेच्या कवायतीचे वर्णन सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या थाटात करतात. त्या शिक्षणाची खूण म्हणून त्यांच्याकडे एक आवाज उरतो. ‘एक साथ सावधान’ ही आज्ञा शाळेच्या पटांगणात दिली असता महामार्गाच्या पलीकडच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहणारे प्रवासीही नकळत पाय जुळवतात, असा अनुभव आहे.

हा आवाज हेच सरांच्या दुर्दैवाचे मूळ होय. ज्याचा आवाज पोहोचतो त्यालाच काम सांगावे, या तत्त्वावर शाळा चालत असल्यामुळे सकाळचा परिपाठ, म्हणजे राष्ट्रगीत, प्रार्थना आणि सुविचार यांचा रोजचा कार्यक्रम, त्यांच्याकडे येतो. १५ ऑगस्ट व २६ जानेवारीचे संचलन येते. स्नेहसंमेलनाचा मंडप, सहलीच्या गाडीतील उलट्या, लसीकरणाची रांग, निवडणुकीचे काम आणि वर्गात शिरलेला साप हेही येतात. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि मुलांच्या कित्येक तुकड्या दहावी होऊन गेल्या, तरी ते रेंगाळतच राहिले. या साऱ्या काळात शाळा सुटल्यावर डंपर आणि खड्डे यांच्यामधून मुलांना रस्ता ओलांडून देण्याचे काम शिट्टीच्या जोरावर सरांनीच केले. एखाद्या वर्गाचे शिक्षक रजेवर गेले, की त्या ‘ऑफ’ तासाला जाऊन बसणे हा तर त्यांचा वतनी हक्कच मानला जातो. याउलट त्यांचा स्वतःचा तास ही वेळापत्रकातील गायरान जमीन होय, जिच्यात कोणीही आपली गुरे सोडावीत. दहावीला शारीरिक शिक्षणाचे गुण टक्केवारीत धरले जात नाहीत, केवळ श्रेणी दिली जाते, ही बाब गणिताच्या शिक्षकांना पक्की ठाऊक असते, आणि ‘सर, आज प्रमेय राहिलंय, तेवढा तुमचा तास घेऊ का?’ ही विनंती जूनमध्ये संकोचाने, ऑक्टोबरमध्ये सवयीने आणि जानेवारीत न विचारताच अमलात येते. सर ‘घ्या’ म्हणतात. प्रमेय सिद्ध होते, मुले बाकांवर मान टाकतात आणि सर त्या वेळात प्रयोगशाळेचा नळ दुरुस्त करतात.

मग या भागातून खेळाडू निघतात कसे, असा प्रश्न अभ्यासकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की सरांचे खरे अध्यापन वेळापत्रकाच्या बाहेर, सकाळी दूधवाला येण्याआधी आणि संध्याकाळी शेवटची एस.टी. चुकल्यानंतर चालते. शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम ज्या कोणी ठरवला असेल त्याने कोकणचा पाऊस पाहिलेला नसावा, कारण तालुक्याच्या स्पर्धा ऐन पावसाळ्यात येऊन ठेपतात आणि तेव्हा खांबच्या परिसरात मैदान आणि लावणीचे शेत यांच्यातील फरक फक्त सातबारा उताऱ्यावर शिल्लक असतो. त्या चिखलात सर मुलांना उतरवतात. चिखलात निसटणारा पाय ज्याला धरता आला, त्याला कोरड्यात कोणाचाही पाय धरता येतो, हा त्यांचा सिद्धान्त असून तो एकाही क्रीडाशास्त्रीय ग्रंथात नसला तरी तालुक्याच्या उपान्त्य फेरीत अनेकदा खरा ठरला आहे. शालेय कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा पाळावी लागते. त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात संपूर्ण संघ रेशन दुकानाच्या काट्यावर चढवला जातो, दुकानदार धान्य थांबवून वजने पुकारतो आणि ज्याचा काटा पाव किलो पुढे सरकला, त्याला सर तेथूनच पळत घरी पाठवतात.

मुलींच्या संघाच्या बाबतीत सरांना खेळापेक्षा मुत्सद्देगिरीच अधिक करावी लागते. बाप दारातच म्हणतो, ‘सर, पोरीला यायला काळोख व्हतो.’ सर म्हणतात, ‘मी स्वतः घरी आणून सोडीन.’ बाप गप्प होतो, मग आजी आतून विचारते की हाफ पँट घालावी लागते काय. येथे सर क्षणाचाही विलंब न लावता ‘ट्रॅक पँट, आजी, पूर्ण घोट्यापर्यंत,’ असे उत्तर देतात आणि त्या पँटचे पैसे कोणत्या निधीतून आले, हे केवळ सरांच्या पत्नीस माहीत असते. या माउलीने आपल्या संसाराच्या खर्चात ‘कबड्डी’ असा स्वतंत्र रकाना कधीच मान्य केलेला नाही. ती त्याला ‘गळती’ म्हणते.

आपल्या परंपरेविषयी सर अत्यंत जागरूक असतात. १५ जुलै रोजी, म्हणजे कबड्डीमहर्षी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्या जन्मदिनी येणाऱ्या कबड्डी दिनाला, आणि १५ जानेवारी रोजी, म्हणजे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांच्या जयंतीनिमित्त पाळल्या जाणाऱ्या राज्य क्रीडा दिनाला त्यांचे भाषण असते. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले, या दोन घटनांमधील ५४ वर्षे ते साधारण दीड मिनिटात ओलांडतात. त्यानंतर रमाकांत आचरेकरांचा उल्लेख येतो, ज्यांच्या नावावर एकच प्रथम श्रेणी सामना होता, तरीही ज्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर निघाला; आणि हा उल्लेख करून सर श्रोत्यांकडे असे काही पाहतात, की पुढचे वाक्य उच्चारण्याची गरज उरत नाही. आचरेकरांचे नाव वगळता क्रिकेटविषयी ते सहसा बोलत नाहीत. टेनिस चेंडूच्या स्पर्धांतील बक्षिसाची मोटारसायकल हा त्यांचा सर्वांत जुना शत्रू असून त्यांचे निम्मे चढाईपटू तिनेच पळवले, अशी त्यांची धारणा आहे.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि सरांच्या जीवनात आनंद व संताप एकाच वेळी शिरले. ज्या खेळापायी आयुष्यभर ‘हुतूतूवाले’ म्हणवून घेतले, तो रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसू लागला याचा आनंद. आणि तो मॅटवर, म्हणजे रबरी चटईवर, बूट घालून खेळला जातो याचा संताप. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघ उपान्त्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला, तेव्हा शिक्षककक्षात दोन दिवस सुतकासारखी शांतता पाळली गेली. तिसऱ्या दिवशी सरांनी ‘मातीवर या म्हणावं त्यांना’ एवढे एकच निवेदन प्रसृत केले आणि परिपाठ पूर्ववत सुरू झाला. तरीही शाळेला मॅट मिळावी म्हणून रोह्याच्या आणि पेणच्या दानशूर मंडळींकडे पहिला अर्ज त्यांनीच केला, हे नमूद करणे आवश्यक आहे. पुढे मॅट आली. पावसाळ्यात ती ओली होऊ नये म्हणून ती गुंडाळून क्रीडासाहित्याच्या खोलीत ठेवण्यात आली आणि त्या खोलीची किल्ली सरांच्या कमरेला असल्याने ती तेथे अत्यंत सुरक्षित राहिली.

सरांचे शिष्य पुढे काय होतात, याची वर्गवारी सोपी आहे. थोडे पोलिसांत किंवा रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर लागतात. काही धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत पाळीवर जातात व सुट्टीच्या दिवशी गावच्या संघातून उतरतात. एखादा पुढारी होतो. या शेवटच्याचा सरांना विशेष त्रास होतो, कारण प्रकाशझोतातील सामन्यांच्या उद्घाटनाला तोच प्रमुख पाहुणा असतो आणि शाळेत असताना त्याला दम धरता येत नव्हता हे सरांना आठवत असते, तर भाषण करताना त्याला दम लागत नाही हे सगळ्यांना दिसत असते.

वयाच्या ५८ व्या वर्षी सर नियमानुसार निवृत्त होतात. शाल व श्रीफळ दिले जाते, गणिताचे शिक्षक सर्वांत हृदयस्पर्शी भाषण करतात आणि दुसऱ्याच सकाळी सर मैदानावर हजर असतात, कारण निवृत्तीचा आदेश वेळापत्रकातील तासांना लागू होतो आणि ते तर त्यांच्याकडे कधी नव्हतेच. त्याच हिवाळ्यात, वालाच्या शेंगांची पोपटी लावण्याच्या दिवसांत, म्हणजे भांबुर्ड्याच्या पाल्यासह शेंगा मडक्यात भरून त्या जाळात भाजण्याच्या मोसमात, माजी विद्यार्थी हौशी जुन्या खेळाडूंचा सामना ठरवतात आणि सरांना सन्मानाने डाव्या कोपऱ्यात उभे राहण्याची विनंती करतात. आयोजकांपैकी एकजण अति नियमनिष्ठ निघतो. पुरुष गटासाठी असलेली ८५ किलोची मर्यादा तो वाचून दाखवतो, रेशन दुकानाचा तोच काटा मैदानावर आणला जातो आणि सर त्यावर चढतात. काटा ८५ ओलांडून किंचित पुढे थांबतो. ज्यांनी आपल्या हयातीत शेकडो मुलांना पाव किलोसाठी चिखलातून पळवले, ते सर या क्षणी काट्याच्या अचूकतेवर, दुकानदाराच्या नजरेवर आणि जमिनीच्या उतारावर क्रमाने आक्षेप नोंदवतात आणि अखेरीस गळ्यातली शिट्टी व कमरेची किल्ली उतरवून फेरवजन व्हावे, अशी रीतसर मागणी करतात.