बॉक्स आहे का?

आमच्या मेहुण्याने बाणेरला सव्विसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यातून टेकडी दिसते, हायवे दिसतो आणि पावसाळ्यात ढग आले की काहीच दिसत नाही. त्या काहीच न दिसण्याचेही बिल्डरने वेगळे पैसे लावलेत. त्या फ्लॅटमध्ये सगळं आहे. माळा नाही. हल्लीच्या घरांना माळा नसतो, फॉल्स सीलिंग असतं. म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी तो आमच्या धनकवडीच्या घरी मोठी पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या माळ्यावर थोडी जागा कराल का? नाजूक सामान आहे."

मी स्टुलावर चढलो. आईचा पाटा-वरवंटा मागे ढकलला, पितळी घंगाळ कोपऱ्यात उभं केलं, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या भिंतीला टेकवल्या. मग त्याने खालून एकेक नग वर द्यायला सुरुवात केली. मोबाइलचे बॉक्स. रिकामे. अकरा.

अगदीच रिकामे म्हणणं अन्यायाचं होईल. प्रत्येकात घडी घातलेला एक कागद आहे, ज्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत अनेक भाषांमधून काहीतरी लिहिलंय आणि ते कुठल्याही भाषेत कुणी वाचलेलं नाही. एक स्टिकर आहे, जो लावायला कधी योग्य जागा सापडली नाही. आणि सिम काढायची टाचणी. अकरा बॉक्स, अकरा टाचण्या. प्रत्यक्ष सिम काढायची वेळ येते तेव्हा हा माणूस त्याच्या ताईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कानातला डूल मागतो.

"क्रमाने ठेवा हं दाजी," तो खालून म्हणाला. "जुना खाली, नवा वर."

तसे ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की ही भूगर्भातल्या थरांसारखी रचना आहे. तळाचा २०१४ सालचा बॉक्स चांगला विटेएवढा जाड. त्यात फोन होता, चार्जर होता, वायर होती, कानात घालायचे इअरफोन होते. त्याच्यावरचा जरा बारीक. मग इअरफोन गेले. मग २०२०च्या सुमाराला बाजारातल्या भारी फोनांच्या बॉक्समधून चार्जरही जायला लागला, तोही पर्यावरणासाठी. चार्जर काढला की बॉक्स लहान होतो, जहाजात जास्त बॉक्स मावतात, धूर कमी होतो, पृथ्वी वाचते. मेहुण्याने पृथ्वी वाचवली आणि दुसऱ्या दिवशी चार्जर वेगळा मागवला. तो वेगळ्या बॉक्समधून, वेगळ्या माणसाच्या वेगळ्या स्कूटरवरून आला. तोही बॉक्स पिशवीत होता. मी अकरात धरलेला नाही. एकूण हिशेब असा, की तळापासून वर जाताना बॉक्स बारीक होत गेलाय आणि बिल जाड. सगळ्यात वरचा बॉक्स वहीएवढा आहे आणि त्यातल्या ऐवजाच्या पैशांत आमच्या गावाकडे दुभती म्हैस येते, दावं आणि घंटेसकट.

"झाकण बघा," तो म्हणाला. मी बघितलं. झाकण वर धरून सोडायचं. ते दाणकन पडत नाही. आतली हवा हळूहळू बाहेर जाते आणि झाकण लाजत लाजत खाली येतं. त्याने तीनदा करून दाखवलं. "याला म्हणतात फिनिशिंग." त्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी त्याच्या मुलीच्या बारशालाही पाहिले नव्हते. मी म्हटलं, "अरे, पण फोन दोन वर्षांत हळू होतो आणि झाकण अकरा वर्षं हळूच आहे. कंपनीला झाकणं जमतात, तर फोनही त्याच लोकांकडून का करून घेत नाहीत?"

यावर तो हसला. देवळात लहान पोराने देव आंघोळ कधी करतो असं विचारल्यावर पुजारी हसतो, तसा.

डबे ठेवण्याला माझा विरोध नाही. आम्ही श्रीखंडाच्या डब्यात डाळ ठेवणारी माणसं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला की आत सुईदोरा निघणार, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. पण आमच्या डब्याला दुसरा जन्म असतो. हे अकरा बॉक्स नुसतेच जपलेले. का? तर "रिसेलला बॉक्स लागतो. बॉक्स असला की भाव येतो." बरं, आजवर किती फोन बॉक्ससकट विकले? एकही नाही. दोन आईला दिले, एक पवना धरणात सेल्फी काढताना गेला, चार दुकानात एक्सचेंजला गेले जिथे बॉक्स कुणी विचारलाही नाही, आणि तीन खणात पडून आहेत. अकरावा हातात. जगाने २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा काढला आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद नाही. उरलेला कुठे गेला असा प्रश्न तज्ज्ञांना पडतो. तज्ज्ञांनी आमच्या मेहुण्याचा खण उघडावा.

हे अकराही बॉक्स एकाच कंपनीचे. आता कुणी म्हणेल, अकरापैकी अकरा एकाच कंपनीचे कसे? या महाराष्ट्रात माणसं पक्ष बदलतात, पंथ बदलतात, मिसळीचं दुकानसुद्धा बदलतात. पण मोबाइलची कंपनी म्हणजे कुलदैवत. ते बदलत नाही. गंमत म्हणजे या कुलदैवताची भक्ती मी जवळून पाहिली आहे आणि तिचं शास्त्र पक्कं आहे. फोटो चांगला आला, तर कंपनीची कृपा. फोन तापला, तर "मीच उन्हात धरला होता." अडकला, तर "मीच फोटो फार साठवलेत." अपडेट टाकल्यापासून बॅटरी दुपारी तीनला मान टाकते, तर "मीच रात्रभर चार्जिंगला लावायचो, चूक झाली." म्हणजे जे बरं घडेल ते त्यांचं, जे वाईट घडेल ते आपलं प्रारब्ध. इतकी शरणागती त्याने दहावीच्या गणिताच्या मास्तरांपुढे दाखवली असती, तर पास झाला असता. नवं मॉडेल आलं, की पहाटे मॉलबाहेर रांग. वारकरी पंढरपूरला चालत जातो, पण त्याला पुढच्या आषाढीला जुना विठोबा परत करून फरक भरावा लागत नाही.

शिवाय आता नुसता फोन राहिलेला नाही. मनगटावरचं घड्याळ त्यांचं. कानातले बोळे त्यांचे. फोटो त्यांच्या ढगात, त्याचं दरमहा भाडं. सोयरीक झाली म्हणा ना. एक नातं मोडायचं तर चारही घरांशी वाकडं येतं; घड्याळ दुसऱ्या कंपनीच्या फोनशी बोलत नाही, नणंदेसारखं तोंड फिरवून बसतं. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, यांच्याचकडे राहू. याला तो प्रेम म्हणतो. आमच्याकडे पूर्वी याला संसार म्हणत.

मी एकदा सरळ विचारलं, की दर वर्षी नवा कशाला? म्हणाला, "कॅमेरा." त्या कॅमेऱ्याने तो काय टिपतो, तर मिसळ. वाफेसकट. कांदा मोजता येतो. आणि मग तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो, जिथे पोचेपर्यंत फोटो दाबून दाबून पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो आणि आत्या विचारते, "ही कसली आमटी?"

पैशांचं विचाराल, तर पैसे लागतच नाहीत. नो कॉस्ट ईएमआय. त्यात होतं असं: बँक व्याज लावते, तेवढीच सूट दुकानदार किमतीत देतो, झाली फिट्टंफाट, आणि मग जे व्याज नाहीच आहे त्याच्यावर अठरा टक्के जीएसटी तुम्ही भरता. वर प्रोसेसिंग फी. १ एप्रिल २०२०ला मोबाइलवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्के झाला. देश घरात कोंडलेला, पगार कापलेले. त्याही वर्षी याने घेतला. खालून सातवा थर.

इथपर्यंत मी हसत लिहिलं. आता बॅटरीचं सांगतो.

माझ्याकडे एक फोन होता. मागचं झाकण अंगठ्याच्या नखाने उघडायचं. बॅटरी बाहेर काढायची, गल्लीच्या तोंडाशी दुकान, नवी घ्यायची, टक्कन बसवायची, काम संपलं. त्याला इंजिनिअर लागत नव्हता, नख लागत होतं. फोन अडकला तर बॅटरी काढून परत घालायची, की शहाण्यासारखा चालू. मग कुणीतरी काचेची पाठ आणली आणि ती डिंकाने चिकटवली. कारण काय, तर फोन बारीक दिसावा, पाण्यात चालावा. अहो, मला पाण्यात फोन करायचाच नाहीये! पाण्यात मला कुणाशीही बोलायचं नाही, पाणी ही आता तेवढ्यासाठीच उरलेली जागा आहे. अशा बऱ्याच बॅटऱ्यांचं आयुष्य लपलेलं नाही: साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्या की ताकद ऐंशी टक्क्यांवर येते. रोज चार्ज करणाऱ्याचे पाचशे दिवस म्हणजे धड दीड वर्षही नाही. म्हणजे आत काय मरणार, कधी मरणार हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच वरून दार चिकटवून टाकलंय. मी माझा फोन घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे टाय लावलेल्या मुलाने फोन दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा धरला आणि म्हणाला, "सर, एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन का नाही बघत?" अरे, चपलेचा अंगठा तुटला म्हणून चांभार कधी म्हणालाय का, की पाय नवीन बघा? तिथून उठून बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी आलो. तिथल्या कारागिराने फोन तव्यासारख्या गरम पट्टीवर ठेवला, डिंक वितळवला, काचेला रबरी वाटी चिकटवून ओढली, फटीत प्लॅस्टिकची चपटी पट्टी घालून कडेकडेने फिरवली, श्वास रोखून, डोळ्याचं ऑपरेशन चालल्यासारखा. चाळीस मिनिटं. माझ्या नखाचं काम! वर त्याने बजावलं, "काका, आता पाण्यापासून जपा. आणि स्क्रीनवर बॅटरी परकी आहे असा मेसेज येईल, लक्ष देऊ नका." म्हणजे फोन माझा, पैसे माझे, आणि तो माझीच चहाडी मलाच सांगणार. युरोपात ग्राहकाला स्वतःच्या हाताने बॅटरी काढता यावी म्हणून २०२७च्या फेब्रुवारीपासूनचा नियम करावा लागला आहे. त्यालाही पळवाटा आहेतच. नखाने व्हायचं ते काम कायद्याने करून घ्यायची पाळी आली आणि आमचा मेहुणा झाकणाचं फिनिशिंग दाखवतोय.

असो. रक्तदाबाची गोळी घेतली आहे.

परवा मात्र त्याचा दिवस उगवला. बारावा फोन घेतला होता आणि अकरावा या वेळी दुकानात न देता बाहेर विकायचं ठरलं होतं. कात्रजहून कॉलेजचा एक पोरगा बघायला आमच्याच घरी आला. फोन उलटसुलट केला आणि विचारलं, "काका, बॉक्स आहे का?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं तो या एका प्रश्नासाठी जगला होता. मला स्टुलावर चढू न देता स्वतः चढला. दहा बॉक्स खाली आले. अकरावा नाही. घंगाळात बघितलं, पाट्यामागे बघितलं, मखर उचकलं. पोरगा घड्याळ बघायला लागला.

ताई देवघरातून म्हणाली, "निळा का रे? तो मी घेतला. फुलवाती ठेवल्यात त्यात. झाकण इतकं छान बसतं, की एक मुंगी शिरत नाही."

तुपातल्या फुलवाती श्रीखंडाच्या डब्यात काढल्या गेल्या. पोराने स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून फोनचा पंधरा आकडी नंबर बॉक्सवरच्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून ताडला. जुळला. मग बॉक्स नाकाशी नेला. कागदावर तेलकट गोल डाग पडले होते, सिमची टाचणी गुळगुळीत झाली होती.

"तुपाचा वास येतोय काका. दोन हजार कमी करा. चार्जर?"

"चार्जर यात येतच नाही," मेहुणा अभिमानाने म्हणाला.

पोरगा दोन हजार कमी देऊन गेला. मेहुणा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कंपनीची काही चूक नाही दाजी. डाग आतल्या कागदावर आहे, बघितलंत ना? बाहेर एक थेंब आला नाही." आणि त्याने बॅगेतून बाराव्या फोनचा बॉक्स काढून माझ्या हातात दिला. "हा वर ठेवा. ताई, याला हात लावायचा नाही."

ताईने तो घेतला, झाकण उघडलं, आत चार बोटं घालून पाहिली आणि परत दिला. "कोण लावतोय? यात वातीसुद्धा मावायच्या नाहीत."