सत्यनारायणाचं आमंत्रण

आमच्या मेहुण्यांचा कोथरूडला एक वन बीएचके आहे. इंडेक्स टू त्यांच्या नावावर, मालमत्ता कर ते भरतात, सोसायटीचा मेन्टेनन्सही तेच भरतात. राहतो मात्र दुसराच. अकरा महिन्यांसाठी आला होता. त्या अकरा महिन्यांना आता तिसरं वर्ष लागलंय.

"मुलगा चांगल्या घरातला आहे," एवढ्यावर मेहुण्यांनी किल्ली दिली होती. करार नाही, नोंदणी नाही. दलाली वाचली, मुद्रांक शुल्क वाचलं. मुलगा चांगल्या घरातला निघालाही. ते चांगलं घर आपलंच, हे मेहुण्यांना उशिरा कळलं.

घर सोड म्हटल्यावर तो नम्रपणे म्हणाला, "काका, मी लायसेन्सी नाही, टेनंट आहे." काकांना फरक कळेना. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ला कळतो. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदवलेला करार असता, तर कलम 24 खाली मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता, वर दुप्पट शुल्काची भरपाई. करारच नसेल, तर कलम 55 म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत अटी भाडेकरू सांगेल त्याच खऱ्या. करार नोंदवणं हे मालकाचं काम. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मेहुणे चौकीत गेले. हवालदारांनी चहा नाही, करार विचारला. "हे दिवाणी आहे काका, कोर्टात जा." त्या खोलीत फौजदारी असं एकच काही होतं, आणि ते अर्ज हातात घेऊन बाकावर बसलं होतं.

सोसायटीतल्या निवृत्त गृहस्थांनी (प्रत्येक सोसायटीत एक असतातच) सुचवलं, पाणी तोडा. कलम 29 आडवं आलं. मी स्वतः बारा वर्षं भाड्याने काढलीत, रात्री दहाला ट्रंक जिन्यात ठेवणारे मालक पाहिलेत. त्यामुळे या कलमाला माझा नमस्कार. मग गृहस्थ म्हणाले, तो गावाला गेला की कुलूप बदला. त्यावरही 1963 चा स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट आहेच. कायद्याची वाट सोडून ज्याला बाहेर काढलं, त्याने सहा महिन्यांत दावा लावला की ताबा त्याला परत. घर कोणाचं, हे त्या दाव्यात कोर्ट विचारतसुद्धा नाही.

आता वकील झाले आहेत. तारखा पडतात.

परवा मेहुण्यांना व्हॉट्सॲपवर आमंत्रण आलं: "आमच्या राहत्या घरी सत्यनारायणाची पूजा, काका-काकूंनी अगत्य यावे." दोघं गेले. चपला बाहेर काढल्या, बेल वाजवली, दार उघडेपर्यंत थांबले.

शिरा चांगला झाला होता म्हणतात.