नाना काहीच खात नाहीत

नाना काहीच खात नाहीत. हे मी म्हणत नाही, नाना स्वतः म्हणतात. फक्त तोंडातला घास संपेपर्यंत आपल्याला थांबावं लागतं.

डोंबिवली पूर्वेला, आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड आहे. उंची पाच फूट पाच, वजन नव्वदच्या पुढे. पुढे म्हणजे किती, हे काट्याला आणि त्यांच्या बायकोला, माईंना, ठाऊक. नाना लिफ्टमध्ये शिरले की बाहेर उभा असलेला माणूस "तुम्ही व्हा पुढे" म्हणतो. लोक हल्ली फार सौजन्याने वागतात, असं नानांचं मत आहे.

नानांच्या हिशेबी ताटात वाढलं जातं तेवढंच खाणं. चव बघणं, तोंडात टाकणं, उरलेलं संपवणं आणि आग्रहाखातर घेणं ही निराळी खाती. सगळा जन्म बँकेत गेल्यामुळे कुठली रक्कम कुठे दाखवायची यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ताटात दोन पोळ्या, वाटीभर भाजी, मूठभर भात. ऑडिटला कोणीही यावं.

दुपारी साडेतीनला माईंचा डोळा लागतो. त्या वेळी नाना चिवड्याचा डबा छातीशी घट्ट धरून झाकण काढतात, म्हणजे आवाज होत नाही. मग डबा तिरका करून हलवायचा, तळाशी गेलेले दाणे आणि खोबऱ्याचे काप वर आणायचे आणि चिमटीने उचलायचे. मूठ भरायची नाही, मूठ भरणं हा खादाडपणा. आठ दिवसांनी डब्यात नुसते पोहे उरतात आणि माईंना तेवढा पुरावा पुरतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, हे नानांना पाठ आहे. "पण शंभर ग्रॅम खातंय कोण?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड असतो, कारण डबा कोणी वजनावर ठेवलेला नसतो.

मग सुटतात कशाने? नानांनी या विषयाचा अभ्यास केला आहे. आधी संशय थायरॉईडवर होता. तपासणीच्या आदल्या रात्री ते लग्न ठरल्यासारखे खुशीत होते. रिपोर्ट नॉर्मल आला आणि माणूस खचला. "आता कोणाच्या नावावर टाकू?" एवढंच म्हणाले. थायरॉईड मंदावलं तरी त्यापायी वाढणारं वजन सहसा दोन-चार किलोच, आणि त्यातही बराचसा भाग पाणी आणि मिठाचा, हे डॉक्टरांनी सांगितलं ते नानांनी पुढे कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर अनुवंश. इथे मात्र नानांची बाजू खरोखरच भक्कम आहे. कॅनडात, क्वेबेकमध्ये, जुळ्या भावांच्या बारा जोड्यांना शंभर दिवसांच्या मुदतीत चौऱ्याऐंशी दिवस रोज हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या होत्या. १९९० साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. जादा खुराक सगळ्यांना सारखा, पण कोणाचं वजन चार किलोच्या थोडं वर वाढलं, तर कोणाचं तेरा किलोच्या. एकाच जोडीतले भाऊ मात्र बरेचसे बरोबरीने वाढले. नानांनी हे माईंना दोनदा वाचून दाखवलं. माई लसूण सोलत होत्या. "पण कमी कोणाचं झालं का हो?" त्यांनी विचारलं. नानांनी कात्रण घडी करून खिशात ठेवलं.

तिसऱ्या मजल्यावरचे बापट हडकुळे आहेत आणि त्याचा त्यांना गर्व आहे. एकदा जिन्यात त्यांनी नानांच्या पोटावर टिचकी मारली. नानांनी तिथल्या तिथे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना साक्षीला काढलं. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि डॉ. याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. "तेव्हा बापट, तुमची चरबी आत दडलीय," नाना म्हणाले, "माझा कारभार उघड आहे." बापट दुसऱ्या दिवशी कमरेला टेप लावून बघत होते, असं त्यांच्याच घरून कळलं.

मध्यंतरी दोनदाच जेवायचं आणि पंचावन्न मिनिटांत उरकायचं, हा दीक्षित डाएट नानांनी धरला. पंचावन्न मिनिटं ही मर्यादा आहे, कामाचे तास नव्हेत, हे त्यांना कोणी समजावलं नव्हतं. चोपन्नाव्या मिनिटाला ते श्रीखंडाकडे वळत. उपासाचं तर बोलायलाच नको. साबुदाणा, बटाटा, कूट आणि तूप एवढे चौघे ज्याच्या बाजूने उभे आहेत, त्याचं संकष्टीला काय वाकडं होणार?

माझ्या मते खरं कारण त्यांच्या कुठल्याच कात्रणात नाही. नोकरीत होते तेव्हा रोज रेल्वेचे जिने, व्हीटीला उतरून ऑफिसपर्यंत पायपीट आणि परतताना डोंबिवलीपर्यंत उभ्याने प्रवास. निवृत्तीच्या दिवशी हे सगळं थांबलं. भूक मात्र अजून आठच्या फास्टने जाते. आता सकाळी गणेश मंदिरापर्यंत फेरी असते. अर्ध्या तासाच्या चालण्यात नानांसारख्या देहाच्या दीडशेच्या आसपास कॅलरी जळतात, आणि परतीच्या वाटेवरचा एक बटाटेवडा व साखरेचा चहा ती तूट भरून वर शिल्लक टाकतो.

शिवाय घर. मुलगा बाहेरून जेवून येतो, सून रात्री सूप घेते, नातवाला भाजीच नको असते. स्वयंपाक मात्र पाच माणसांचा. रात्री नऊ वाजता माई कढई घेऊन उभ्या राहतात. "अहो, एवढंसंच उरलंय, आता हे फ्रीजमध्ये काय ठेवायचं?" नाना पोळीच्या तुकड्याने कढई पुसून घेतात. अन्न टाकू नये, हे लहानपणी भिंतीवर लिहिलेलं असायचं. ते कुठे ठेवावं, हे कोणी लिहिलं नव्हतं. सकाळी त्याच माई म्हणतात, "पोट बघा जरा."

नाना खोटं बोलतात असं मला वाटत नाही. "आम्ही बाराशे कॅलरीसुद्धा खात नाही, तरी वजन उतरत नाही," म्हणणारी मंडळी न्यूयॉर्कमध्ये एकदा नीट तपासली गेली. १९९२ सालची गोष्ट. त्यांच्या शरीराच्या जाळण्यात काही खोट नव्हती. खाल्लेल्यापैकी जवळजवळ निम्मं सांगायचं राहून गेलं होतं. अंगमेहनत मात्र होती त्याच्या दीडपट सांगितलेली. चिमटीने उचललेलं स्मरणात राहत नाही, इतकंच.

म्हणून डॉक्टरांनी नानांना वही घालायला सांगितली. तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, वेळेसह. नानांनी बँकेच्या अक्षरात, तांबड्या शाईने समास आखून सुरुवात केली. लिहिण्यात ते प्रामाणिक आहेत, शेरेसुद्धा लिहितात. "९.०५, भाजी, माईंच्या सांगण्यावरून." "११.२०, पेढा, बापटांची नात पास." "३.४०, दाणे, किरकोळ." चाळीस पानी वही आठवडाभरात भरली. नानांनी ती उलटसुलट करून पाहिली, चष्मा पुसला आणि परवा दोनशे पानी आणली.