एवजी

ज्या गावाने निजामाचा अंमल पाहिला, जे १९५६ साली आंध्र प्रदेशात व २०१४ साली तेलंगणात दाखल झाले आणि २०१६ साली आदिलाबादची कचेरी सोडून निर्मलच्या दप्तरी जमा झाले, त्या आमच्या भैंसा गावाला एवजी नेमणुकांचे नवल वाटू नये. परंतु जुना रेडिओ गावाइतका सोशिक नसल्यामुळे, त्याच्या पोटातील एक रिक्त जागा भरताना माझ्यासारख्या छांदिष्टास जी यातायात पडते, ती राज्ये बदलताना कोणा तालुकदारासही पडली नसेल.

आमच्या वडिलार्जित संचात आवाज घडवण्याची अखेरची कामगिरी ईएल८४ नामक वॉल्वकडे होती. तो निवर्तल्यावर मी हैदराबादचा जुमेरात बाजार गाठला. तेथे भंगाराच्या राशीमागे विराजमान झालेल्या वृद्ध मियाँनी ६बीक्यू५ पुढे केला, आणि मी भिंगाने त्यावरील अक्षरे न्याहाळू लागताच म्हणाले, "नाम अमरीकी है साब, आदमी वहीच है." ते शंभर नंबरी सत्य होते. उलट त्याच राशीतील ६व्ही६ कर्तृत्वाने नामांकित, तोही ६.३ व्होल्टांवरच तापणारा. पण त्याच्या ऐसपैस ऑक्टल बुडाला आमच्या नऊ छिद्रांच्या सॉकेटात बैठक मिळेना. लायकी असून खुर्चीच्या मापापायी उमेदवारी हुकते, ती अशी.

वॉल्व परवडले, कंडेन्सर नको. अखेरच्या वॉल्वच्या दाराशी पहाऱ्यावर असलेला मेणकागदी कंडेन्सर वार्धक्याने झिरपू लागला, की ज्या डीसी दाबाला मज्जाव करायचा त्यालाच आत सोडतो. वॉल्व लालबुंद होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. त्यास सक्तीने निवृत्त करणे भागच होते. परंतु त्याच्या जागी पिवळाधमक पॉलिएस्टरचा कंडेन्सर उघड्यावर टांगणे माझ्या अभिरुचीस मानवेना. म्हणून जुनी नळी ऊब देऊन पोखरली, नवा इसम तीत दडवला आणि दोन्ही तोंडे मेणाने मोहोरबंद केली. पेटीची पाठ उघडून कोणी कधी पाहणार नाही, ही बाब अलाहिदा.

लाउडस्पीकरवरचे विटलेले कापड मात्र साऱ्या जगाला दिसते. त्याच्या एवजीची कसोटी एकच: विणीतून वारा, म्हणजे पर्यायाने आवाज, विनासायास पार व्हावा. सबब कापडबाजारातील एका दुकानी बैठकीवर बसून मी खण, मांजरपाट, परकराची कापडे एकेक करून तोंडाशी धरी आणि पलीकडच्या तळहातावर फुंकर पोहोचते की नाही, ते अजमावी. काही ताग्यांपर्यंत शेटजींनी सौजन्य राखले, मग गल्ल्यावरून किंचित झुकून मुनिमाला हळूच म्हणाले, "यांच्यासोबत घरचं कोणी आलंय का, बघ."